झाडाखालचं सोंग

नवऱ्याच्या कमरेला पँट बसेना, आणि दोष मात्र बायकोचा निघाला.

"माप तूच दिलं असशील," दादा म्हणाला. पोट आत ओढून, श्वास कोंडून तो बटण कसंबसं काजापर्यंत न्यायचा, आणि बोलायला तोंड उघडलं की ते पुन्हा हातातून निसटायचं.

"मी कशाला माप देऊ? मुकादमानं पोत्यातून काढून दिली. सगळ्या एकाच मापाच्या आहेत."

"मग घेताना बघायचं नाही?"

"तुमचं पोट सोबत नेऊन बघायचं होतं का?"

धाकटा फिसकन हसला. दादानं पँट पायातून ओढून काढली, चुरगाळून पोत्यावर फेकली आणि रोजच्या पातळ विजारीवरच मशीन उचललं. वहिनीनं पँट उचलली, झटकली, तिची घडी घातली. अजून एक फांदीसुद्धा तुटली नव्हती आणि तिचं डोकं उठलं होतं.

त्या घराचं पोट झाडं पाडण्यावर चालायचं. दादा साखळीच्या करवतीचं मशीन धरायचा. त्याचा धाकटा भाऊ फांद्या छाटायचा आणि मधूनमधून मशीन मागायचा. वहिनी दोर धरायची, पाचर ठोकायची, छाटलेल्या फांद्या ओढून रस्त्याकडेला ढीग लावायची. तिला सगळे वहिनीच म्हणायचे. तिच्या वडिलांहून वयानं मोठा असलेला मुकादमही म्हणायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी वादळ झालं आणि मोठ्या रस्त्याच्या कडेची नीलगिरीची रांगच्या रांग खिळखिळी झाली. काही झाडं मुळासकट आडवी, काही अर्धवट मोडलेली, काही शेजारच्या झाडाच्या खांद्यावर दारुड्यासारखी रेललेली. ती सगळी काढायचं काम निघालं. एवढं मोठं काम या घराला कधी मिळालं नव्हतं. फक्त एक अट होती. दुसऱ्या एका रस्त्यावर कुणाच्या तरी मांडीत मशीन घुसलं होतं, तेव्हापासून नियम झाला होता की मशीन धरणाऱ्यानं सगळं घालायचं. तोंडावर जाळी असलेलं हेल्मेट, कानावर जाड डबे, हातमोजे, पुढे लोखंड असलेले बूट, आणि ती पँट. पँटमध्ये धाग्यांचे थरावर थर भरलेले. साखळी लागली की धागे बाहेर येऊन तिच्यात गुंततात आणि मशीन जागच्या जागी अडकतं, असं सांगितलं होतं.

दादा त्या सगळ्याला 'सोंग' म्हणायचा.

"भर उन्हात रजई नेसून भट्टीपुढे उभं राहायचं, आणि त्याला म्हणे सुरक्षा. चक्कर येऊन मशीनवरच पडलो म्हणजे? घाम डोळ्यात जातो, जाळीतून धड दिसत नाही, मोज्यात बोटाला खटका कळत नाही. माणूस मरायचाच बेत आहे हा."

वहिनीची अडचण अशी, की नवरा बोलायचा त्यातलं निम्मं खरं होतं. आणि तो काही बेफिकीर गडी नव्हता. झाडाला हात लावण्याआधी तो त्याच्याभोवती सावकाश फेरी मारायचा. मान मागे टाकून शेंड्यापर्यंत बघायचा, वाळकी फांदी कुठं लटकतेय का ते शोधायचा. झाड पडायला लागलं की कुठून मागे सरायचं, ती वाट आधी कोयत्यानं साफ करायचा. पायात एक वेल राहू द्यायचा नाही. वारा सुटला की मशीन बंद. कुणी कितीही घाई केली तरी बंद. इतकी वर्षं झाडं पाडली, पण त्याच्या हातून कुणाला ओरखडा उठला नव्हता.

धाकट्याचं सगळं उलट. त्यानं पहिल्याच दिवशी सगळं अंगावर चढवलं आणि जाळी खाली ओढून असा उभा राहिला, की मुकादम म्हणाला, "वा, शिलेदार!" तेव्हापासून त्याचं नाव शिलेदार पडलं. आणि शिलेदाराला वाटायला लागलं की आता आपल्याला काही होतच नाही. पडलेल्या बुंध्यावर उभं राहून तो बुंधा कापायचा. मशीन खांद्याच्या वर नेऊन एका हातानं फांदी उडवायचा. वाट साफ करायचं म्हटलं की म्हणायचा, "वहिनी, पायात लोखंड आहे माझ्या."

"डोक्यात काय आहे?" वहिनी विचारायची.

"ऐकू नाही आलं," म्हणून तो कानावरच्या डब्यांना बोट लावायचा.

एकाला अक्कल होती पण तो घालत नव्हता, दुसरा घालत होता तर अक्कल पोत्यात ठेवून यायचा. दोघांच्या मधे उभं राहून दिवसभर ओरडायचं काम वहिनीकडे होतं, आणि त्या कामाची गणती कशातच नव्हती.

हे नियम पाळले जातात का ते तपासायला एक मॅडम यायच्या. जीपची धूळ लांबून दिसायची. धाकटा शिट्टी घालायचा, दादा हेल्मेट डोक्यावर ठेवून झाडाआड उभा राहायचा, मॅडम जीपमधूनच बघून पुढे जायच्या. त्या दिवशी मात्र जीप मागच्या वळणावर बंद पडली आणि मॅडम शेताच्या बांधावरून चालत आल्या. त्यांचाही चेहरा लालबुंद झाला होता, हेल्मेटच्या पट्ट्याखाली घामाचे ओघळ.

दादाचं हेल्मेट उलटं करून जमिनीवर ठेवलं होतं.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"पाचरी," दादा म्हणाला.

"मी टोपीबद्दल विचारतेय."

"टोपीत पाचरी आहेत, मॅडम."

धाकट्यानं तोंड फिरवलं. मॅडम हसल्या नाहीत. "पँट कुठंय?"

वहिनीनं घडी केलेली पँट पुढे केली. मॅडम म्हणाल्या, "आत्ता घाला. माझ्यासमोर."

झाड पाडायचं म्हणून रस्ता दोन्हीकडून अडवलेला. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला भरलेली बस. खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. दादानं विजारीवरूनच पँट चढवायला घेतली. मांडीपर्यंत आली. पुढे घामानं चिकटून बसली. तो एका पायावर उड्या मारत वर ओढू लागला. कशीबशी कमरेपर्यंत नेली, तर बटण लागेना. वहिनीनं सुतळीचा तुकडा दिला. सुतळी बांधली आणि मशीन उचलायला तो वाकला, तशी सुतळी तटकन तुटली आणि पँट गुडघ्यावर आली.

बसमध्ये हशा पिकला. "अहो, झाड सांभाळा, पँट पडली!" कुणीतरी ओरडलं.

दादा पँट वर धरून उभा राहिला. त्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या वहिनीला दिसल्या. तिला क्षणभर वाटलं, मधे जाऊन आडवं उभं राहावं. पण आपण गेलो तर आणखी हसतील, असंही वाटलं. ती जागची हलली नाही.

"पँट नाही तर मशीन नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवलेला नव्हता, पण मागेपुढे सरायलाही जागा ठेवली नव्हती. "ज्यानं घातलंय तो चालवेल. मोठं माप सांगते मी, पण यायला वेळ लागेल. तोवर कंबर उसवून वाढवता येते का बघा. पायाच्या भागाला मात्र सुई लावू नका. थर एकमेकांना शिवले गेले तर धागे सुटणार नाहीत."

मशीन धाकट्याकडे गेलं. दादा वहिनीसोबत फांद्या ओढायला लागला. ज्याला त्यानंच मशीन धरायला शिकवलं, त्याच्या मागून पाला गोळा करत फिरायचं. दुपारभर तो फांदी ढिगावर अशी आपटायचा, की जणू तिनंच त्याची पँट पाडली होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी धाकट्याच्या तोंडून सगळी हकिकत ऐकली. त्यानं उड्या मारूनच दाखवलं. सासूबाई आधी वहिनीवर घसरल्या. "त्याला एवढं उकडतं, तर कशाला नेसवतेस ते?"

"मी नाही नेसवत, आई. मॅडम नेसवतात."

"मग त्याला घालायला काय होतं? धाकटा घालतोच ना निमूट?"

"हे त्यांना सांगा."

"त्याला कोण सांगणार? तू बायको ना त्याची?"

दिवेलागण व्हायच्या आत उजेडात शिवून घ्यावं म्हणून वहिनी पँट घेऊन उंबऱ्यात बसली. कमरेची शिवण ब्लेडनं उसवली, जुन्या ताडपत्रीच्या पिशवीचा पट्टा कापून मधे जोडला. कापड असलं दणकट, की सुई दातानं ओढावी लागत होती. एकदा बोटात शिरली. आतून दादा पाणी प्यायला आला, तेव्हा ती बोट चोखत होती.

"कशाला डोळे फोडून घेतेस? मी नाही घालणार."

"घालून तर बघा. आता बसेल."

"घातली होती. कुठं घातली आणि कुणासमोर, ते तू बघितलंस."

ती मऊ झाली. "त्या बसमधली माणसं कुठल्या कुठं गेलीसुद्धा. त्यांना तुमचं तोंडही आठवत नसेल."

"मला आठवतंय ना."

"मग त्या माणसांवर राग काढायला स्वतःची मांडी कापून घ्याल?"

"आजवर कापली का?" तो भिंतीला टेकून बसला. "अगं, झाडाखाली माणूस वाचतो तो डोळ्यांनी आणि कानांनी. झाड पडायच्या आधी सांगतं. आतून कडकडतं. त्या पोराला ते ऐकू येतं का? डबे लावून बसतो बहिऱ्यासारखा. टोपी घातली म्हणून त्याला वर बघायचंच नाही. सोंग केलं म्हणजे काम येतं का?"

"तुमचं सगळं खरं आहे. पण त्याला वर बघायला शिकवायचं, की तुम्ही टोपी काढून ठेवायची? दोन्ही करता येत नाही का एखाद्याला? देवानं एकाच घरात अर्धा अर्धा शहाणपणा का वाटला, तेच मला कळत नाही."

"माझ्यात अर्धाच?"

"आज तर पावसुद्धा दिसत नाही."

तो उठून गेला. तिनं गाठ मारली, दोरा तोडला आणि पँट दाराजवळच्या खुंटीला अडकवली. नको म्हटलं तरी सकाळी जाता जाता हात जाईल, अशा जागी.

सकाळी हात गेला नाही. "मी कुठं मशीन धरतोय?" म्हणून तो तसाच बाहेर पडला. पँट खुंटीलाच राहिली.

त्या दिवशी रांगेतलं सगळ्यात वाईट झाड समोर आलं. वादळानं एक नीलगिरी मुळातून उपटली होती, पण ती खाली न पडता शेजारच्या झाडाच्या बेचक्यात अडकली होती. सगळा भार त्या उभ्या झाडावर. दादानं दोन्ही झाडांभोवती फेरी मारली, वर बघितलं आणि मान हलवली.

"याला मशीन लावायचं नाही. मुकादमाला सांगून ट्रॅक्टर मागव. बुडाला साखळदंड लावून लांबून ओढायचं, म्हणजे ते घसरत खाली येईल."

"ट्रॅक्टर पलीकडच्या टोकाला आहे," धाकटा म्हणाला. "तो येईस्तोवर दुपार होईल. उभं झाड कापतो, दोन्ही एकदम खाली. दोन मिनिटांचं काम."

"ज्याच्यावर भार आहे तेच कापणार? ते तुला विचारून पडेल का?"

"दादा, आज मशीन माझ्याकडे आहे."

असं बोलायला नको होतं, हे धाकट्यालाही बोलल्याबरोबर कळलं असावं. त्यानं झटकन जाळी खाली ओढली आणि डबे कानावर चढवले. दादा काही क्षण त्याच्याकडे बघत राहिला. मग पाठ फिरवून फांद्यांच्या ढिगाकडे गेला. "कर काय करायचं ते. शिलेदार ना तू."

वहिनी दोघांच्या मधे. "अहो, त्याला थांबवा ना!"

"माझ्याकडे पँट नाही," दादा तिकडूनच म्हणाला.

तिला दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. ती मुकादमाला हाका मारायला वळली, तर तो कुठं लांब ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होता. धाकट्यानं दोर उभ्या झाडाला बांधला आणि टोक तिच्याकडे फेकलं. दोर झाडाच्या उंचीला पुरत नव्हता.

"आखूड आहे रे!"

त्यानं हातानंच खूण केली: चालतंय.

चालतंय म्हणाला आणि तिनंही दोर धरला. यावर ती पुढे कितीतरी दिवस स्वतःवर चिडत राहिली. मशीन सुरू झालं. निळा धूर, ओल्या लाकडाचा भुसा. तिनं शेंड्याकडे डोळे लावले होते. आधी वरचा पाला नुसता थरथरला. मग मशीनच्या आवाजाखालून एक जाड कडकड निघाली, अगदी पोटातून आल्यासारखी, आणि रेललेलं झाड बेचक्यात हातभर सरकलं.

"मागे हो! मागे!" ती ओरडली. धाकटा खाली वाकून कापतच होता. तिनं दोराला हिसके दिले. त्याला वाटलं ती ताण देतेय. त्यानं अंगठा दाखवला. ती घसा फाटेस्तोवर ओरडली. तो तिच्यापासून इतका जवळ होता, की ढेकूळ मारलं असतं तर लागलं असतं, आणि तरी त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

ढिगाकडून दादा धावत आला. डोकं उघडं, पायात चपला. त्यानं मागून भावाच्या कॉलरला धरून त्याला असं खेचलं, की मशीन हातातून सुटून गवतात पडलं आणि आपोआप बंद झालं. दोघं मागे कोलमडले. वहिनीनं दोर टाकून त्यांच्याकडे धाव घेतली. मागची वाट कुणी साफ केली नव्हती. दादाचा पाय वेलीत अडकला. धाकटा उठून पळाला, दादा उठता उठता राहिला, आणि त्याच वेळी दोन्ही झाडं एकात एक गुंतून खाली आली.

बुंधे पलीकडे पडले. एक फांदी मात्र दादाच्या खांद्यावर उतरली आणि जाता जाता कानावरची कातडी सोलून गेली.

धूळ हळूहळू बसली. मग दादानं पहिली शिवी घातली आणि वहिनीला हायसं वाटलं. शिवी देता येते म्हणजे माणूस जिवंत आहे. तिनं डोक्याचं फडकं सोडून त्याच्या कानावर दाबलं. खांदा हातात घ्यायला गेली तर तो किंचाळला.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, डोकं मात्र वाचलं होतं. कानामागे टाके पडले, हात छातीशी बांधला. इतकं झालं आणि दोघा भावांचं सुरू.

"टोपी घातली असतीस तर कान फुटला नसता," धाकटा म्हणाला.

"तुला कान असते तर मला यावंच लागलं नसतं!"

"मी सांगितलं होतं का ये म्हणून?"

"पुन्हा नाही येणार. मर तिथंच."

"गप्प बसा!" वहिनीचा आवाज एवढा चढला की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "एक शब्द बोलू नका दोघं. तुम्ही आलात म्हणून तो वाचला, मान्य. वाट साफ नव्हती म्हणून तुम्ही पडलात, हेही मान्य. टोपी नव्हती म्हणून कान फुटला, आणि डबे होते म्हणून यानं ऐकलं नाही. सगळं सगळं मान्य! आता यातलं काय निवडायचं ते सांगा. अर्धं याचं घ्यायचं आणि अर्धं त्याचं टाकायचं, असं करत दोघांनाही एकदमच पुरायचं का मी?"

दारात मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या मागे मुकादम, आपली कापडी टोपी हातात चुरगाळत. तो घाईघाईनं म्हणाला, "मॅडम, सगळं नियमानंच चाललं होतं. ज्याच्या हातात मशीन होतं त्यानं सगळं घातलेलं होतं."

"हो ना वहिनी?" मॅडमनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. मुकादम डोळ्यांनी तेच विनवत होता. खरं सांगितलं तर काम हातचं जाईल, हे तिला दिसत होतं. पण सकाळपासून ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता, आणि खोटं बोलायलाही घसा लागतो.

"घातलं होतं सगळं," ती म्हणाली. "आणि ज्या झाडाला हात लावायचा नाही तेच कापत होता. मी ओरडत होते. दोर आखूड होता. तुम्ही येता, टोपी बघता, पँट बघता आणि जाता. झाड कसं पाडतात ते कधी बघितलंत?"

मुकादमानं डोळे मिटून घेतले. मॅडम भिंतीजवळच्या बाकावर बसल्या. "मला कपडेच बघायला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "बाकीचं बघायला मला कुणी सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही." मग एकदम त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "तुम्ही कुठं होतात तेव्हा?"

"दोर धरून. झाडासमोर."

"डोक्यावर काय होतं?"

वहिनीचा हात डोक्याकडे गेला. केस मोकळे झाले होते. फडकं रक्तानं भरून खाटेखाली पडलेलं. "फडकं होतं."

"पायात?"

तिनं स्वतःच्या पायांकडे बघितलं. एका चपलेचा अंगठा तुटला होता. केव्हा, ते तिला कळलंही नव्हतं.

"ती काय, दोरच धरते मॅडम," मुकादम म्हणाला. "मशीन नसतं तिच्याकडे."

"झाडाला ते माहीत असतं का?" मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटा मशीन आणायला एकटाच गेला. परत आला तो पांढराफटक. उंबऱ्यात बसून राहिला. शेवटी वहिनीकडे न बघता म्हणाला, "वहिनी, काल तू आमच्याकडे धावत आलीस ना. तू आधी जिथं उभी होतीस, तिथं शेंड्याची फांदी जमिनीत रुतलीय. मी हलवून बघितली. निघत नाही."

आतल्या खाटेवरून दादानं ते ऐकलं. त्या दिवशी त्यानं ना भावाला शिवी दिली, ना पँटला.

काम गेलं नाही. थोडे दिवस बंद राहिलं, मग मॅडमनी नव्या अटींवर सुरू केलं. अटी त्यांनी वहिनीला आणि दादाला समोर बसवून विचारूनच ठरवल्या. उन्हं तापायच्या आत मशीन सुरू करायचं, डोक्यावर आली की बंद. म्हणजे पँट सोसवते. थोडं कापायचं, सावलीला बसायचं, पाणी प्यायचं. हेल्मेटखाली ओलं फडकं. झाडाभोवती फेरी आणि मागची वाट झाल्याशिवाय मशीनची दोरी ओढायची नाही. मशीन सुरू करायच्या आधी, आणि शेवटच्या कापाआधी ते बंद करून, डबे वर सारून दोर धरणारीला 'कापू का?' विचारायचं आणि उत्तर ऐकायचं. अडकलेल्या झाडाला फक्त ट्रॅक्टर. मुकादम कुरकुरला की असल्यानं काम कधी संपायचं. मॅडम म्हणाल्या, "संपेल तेव्हा."

दादाचा हात अजून बांधलेला होता, पण घरी बसवेना. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर एक खोका टाकून तो बसायचा आणि शेंड्यावर नजर ठेवायचा. तिथंही त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. ते त्यानं कुणाच्याही सांगण्याशिवाय घातलं होतं, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं तर चावायला उठायचा.

वहिनीला बूट आले, हातमोजे आले आणि हेल्मेट आलं.

पहिल्या दिवशी तिला नवलच वाटलं. तासाभरात नवल गेलं. बूट म्हणजे पायाला बांधलेले दगड. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली काचायचा, वाकलं की टोपी डोळ्यांवर यायची, केसांतून घाम निघून मानेवरून पाठीत, पाठीतून कमरेत. मोज्यात दोराचा ताण कळेना. दोर धरणारीला तो ताणच तर कळायला हवा. सकाळ वर चढली तशी तिला कानशिलं ठणकायला लागल्यासारखं झालं. धाकटा झाडाभोवती फेरी मारून वाट साफ करत होता. मशीन बंदच होतं. तिनं पट्टा सोडला, हेल्मेट काढून ओंडक्यावर ठेवलं आणि डोळे मिटून तोंड वर केलं. वाऱ्याची एक बारीक झुळूक ओल्या केसांतून गेली. तिला वाटलं, हे सुख कुणी आपल्याकडून हिरावून घेऊ नये.

"टोपी!" लांबून आवाज आला.

तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"अगं ए! टोपी!" दादा खोक्यावरून उठला होता.

"मशीन बंद आहे हो!" ती ओरडली.

"झाड उभं आहे ना!"

"उकडतंय!"

"उकडू दे!"

"तुम्ही खोक्यावर बसलात. मला दोर धरायचाय. मोज्यात ताण कळत नाही, डोळ्यात घाम जातो, हिच्यात धड वर बघता येत नाही." बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, आपण कुणाचं बोलणं बोलतोय ते. तशी ती आणखी चिडली. "मी तुमच्याहून जास्त सांभाळून असते! आजवर मला काही झालं का?"

बांधलेला हात दुसऱ्या हातानं सावरत दादा खडबडीत ढेकळांतून तिच्याकडे यायला लागला. प्रत्येक पावलाला खांदा दुखत असणार. चेहऱ्यावर दिसत होतं. तिच्याजवळ येऊन धापा टाकत उभा राहिला. ती भांडायच्या तयारीतच होती. त्यानं ओंडक्यावरचं हेल्मेट उचललं, आतलं फडकं तोंडात एक टोक धरून चांगल्या हातानं पिळलं, पाण्याच्या कॅनवर धरून पुन्हा ओलं केलं आणि आत घालून हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं. पट्टा मात्र एका हातानं लागेना. तो खटपट करत राहिला.

"सोडा, मी लावते."

"गप उभी राहा."

"मला खरंच उकडतंय हो," ती हळू आवाजात म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

पट्टा शेवटी धाकट्यानं येऊन लावला. डबे मानेवर ओढून, मशीन खाली ठेवून तो बराच वेळ दोघांकडे बघत उभा होता.

"फेरी झाली, वाट झाली," तो म्हणाला. "विचारू का आता? का आणखी भांडायचं आहे?"

दादा कुरकुरत आपल्या खोक्याकडे परत निघाला. वहिनीनं लांब दोराचं टोक उचललं आणि मोजून जिथं उभं राहायचं तिथपर्यंत मागे गेली. मानेवरून गार पाण्याचा एक ओघळ उतरला आणि लगेच कोमट झाला. दादा जाग्यावर पोहोचेपर्यंत ती थांबली. त्यानं शेंड्याकडे बघितलं, मग चांगला हात वर केला.

"विचार," ती धाकट्याला म्हणाली.